मदत हवी आहे: चारनंतर आजोबांना कशात रमवावं?

नमस्कार. मी पुण्यातल्या एका वृद्धनिवासात दिवसपाळीला काम करते. आमच्याकडे सुरुवातीच्या टप्प्यातला डिमेन्शिया (स्मृतिभ्रंश) असलेले ९ जण आहेत. सकाळ छान जाते: चहा, अंगणात फेऱ्या, पेपरवाचन, मग मटार सोलणं, वाती वळणं. आत्ताच सांगितलेलं विसरतात, पण हातांची जुनी सवय शाबूत असते. एक आजी माझं नाव रोज नव्याने विचारतात, पण कापूस हातात दिला की फुलवाती अशा झरझर वळतात की बघत राहावं. त्या वाती आम्ही संध्याकाळी खरंच देवापुढे लावतो. नुसतं वेळ घालवायला दिलेलं काम त्यांना लगेच कळतं आणि ते दुखावतात.

अडचण चारनंतरची. उन्हं उतरली की बेचैनी सुरू. "घरी जायचंय, पोरं शाळेतून येतील" म्हणत दाराशी येरझाऱ्या. डॉक्टर याला सनडाउनिंग म्हणतात. दिवे लवकर लावतो, दुपारनंतरचा चहा बंद केलाय, थोडा फरक पडला. भजनात आजी रमतात, पण तिघे आजोबा उठून जातात. त्यातले एक एसटीत कंडक्टर होते, एक कारखान्यात फिटर. त्यांच्यापुढे लहान मुलांची रंगवायची पुस्तकं ठेवायला माझं मन धजत नाही.

अशा पुरुषमंडळींना तुम्ही काय काम देता? नटबोल्ट वेगळे करणं, सुट्टे पैसे मोजणं असं कुणी करून पाहिलंय का? एक काम किती वेळ चालतं? रोज तेच ठेवावं की बदलावं? अनुभव असेल तर कृपया सविस्तर लिहा.