नवे रिव्हॉल्व्हर सदोष निघाले, तर ते कंपनीकडेच पाठवावे की इथेच दुरुस्त करून घ्यावे?

गिरगावकर

माझा सोन्याचा लहानसा व्यवसाय आहे. माल घेऊन झवेरी बाजारातून घरी येताना दोनदा पाठलाग झाला, म्हणून मी स्वसंरक्षणासाठी शस्त्रपरवान्याचा अर्ज केला. पोलीस आयुक्तालयाकडून परवाना मिळाल्यावर .३२ बोअरचे कोरे रिव्हॉल्व्हर घेतले, त्यावर एका वर्षाची वॉरंटी आहे. कंपनीचे नाव लिहीत नाही, कारण पत्रव्यवहार अजून चालू आहे आणि मला जो प्रश्न मांडायचा आहे तो एका कंपनीपुरता नाही.

पहिल्याच सरावात सहापैकी दोन काडतुसे उडाली नाहीत. प्रशिक्षकांनी मला नळी लक्ष्यावरच रोखून तीस सेकंद तसेच उभे राहायला लावले, कारण न उडालेले काडतूस कधी कधी उशिरा उडते. मग सगळी काडतुसे बाहेर काढून तळहातावर घेतली. जी उडाली होती त्यांच्या बुडाच्या टोपीवर बरोबर मधोमध खोल खळगा पडला होता. उरलेल्या दोघांवर मात्र कडेला सरकलेली, नखाने उमटावी तशी पुसट खूण होती. पुढच्या फेरीला सिलिंडरच्या कप्प्यांवर खडूने आकडे घातले, तेव्हा पुन्हा दोन आणि पाच हेच कप्पे अडले. काडतुसांची पेटी बदलली तरी तेच झाले. याचा अर्थ असा की घोडा पडतो त्या क्षणी हे दोन कप्पे नळीच्या रेषेत आलेले नसतात. ही गोष्ट केवळ काडतूस न उडण्यापुरती नाही. अशा स्थितीत ते उडालेच, तर गोळी नळीच्या मागच्या तोंडाशी घासली जाते आणि शिशाचे कण सिलिंडर व नळी यांच्यामधल्या फटीतून बाजूला उडतात. शेजारी उभ्या असलेल्या माणसाच्या डोळ्याला त्यांनी इजा होऊ शकते.

विक्रेत्यामार्फत शस्त्र कंपनीकडे पाठवले. अकरा आठवड्यांनी ते परत आले, तेव्हा सोबतच्या चिठ्ठीवर एवढेच होते : "तपासणी केली. कार्य समाधानकारक." रेंजवर नेले, तर दोन आणि पाच पुन्हा अडले.

आता विक्रेता म्हणतो की त्याच्याकडचा कारागीर दोन दिवसांत हे नीट करून देईल. मी नकार दिला आहे. माझे मत असे आहे की वॉरंटीत असलेले नवे शस्त्र, कितीही उशीर झाला तरी, ज्याने बनवले त्यानेच उघडावे आणि आत काय सापडले, काय बदलले हे लेखी द्यावे. घरातले आणि मित्रमंडळी मला हट्टी ठरवत आहेत, म्हणून इथे मते मागवतो.

जुना नेमबाज

आपला संताप रास्त आहे, निष्कर्ष मात्र मला पटत नाही. आपण शस्त्र शोभेसाठी घेतलेले नाही. जिवाला धोका आहे हे मान्य करून पोलिसांनी आपल्याला परवाना दिला आणि अकरा आठवडे आपण निःशस्त्र राहिलात. पुन्हा पाठवाल तर पुन्हा तितकेच जातील. त्यात निवडणूक लागली आणि शस्त्र जमा करण्याची नोटीस आली, तर आणखी महिना दीड महिना सहज जातो. नोव्हेंबर २०२४ च्या विधानसभा निवडणुकीच्या वेळी माझे पिस्तूल असेच पोलीस ठाण्यात पडून होते आणि वॉरंटीचे दिवस मात्र चालूच होते. दुरुस्तीचा परवाना असलेला कारागीर आपल्या डोळ्यांसमोर बसून काम करतो, काय बिघडले ते हातात घेऊन दाखवतो. कारखान्यातला माणूस आपल्याला कधी दिसणारही नाही. "कार्य समाधानकारक" असे लिहिणाऱ्यावर आपण दुसऱ्यांदा विश्वास का टाकावा, हे मला कळलेले नाही.

परळचा फिटर

मी तीस वर्षे गिरणीच्या टूलरूममध्ये काढली. बंदुकांचे काम केलेले नाही, परंतु दातेरी चकती आणि खटका यांची जुळणी आयुष्यभर केली आहे, आणि इथे नेमके तेच आहे. घोडा मागे जाताना एक खटका सिलिंडरच्या मागच्या दातेरी चकतीला ढकलून तो एक घर पुढे सरकवतो आणि खालून वर येणारी अटक त्याला त्या घरात पक्का धरते. सहापैकी दोनच घरे चुकत असतील, तर खटका बहुधा ठीक आहे, कारण खटका आखूड असता तर सगळीच घरे मागे पडली असती. चकतीचे ते दोन दात किंवा अटकेच्या त्या दोन खाचा नीट कापल्या गेलेल्या नसाव्यात. बाहेरचा कारागीर इथे काय करील? त्याच्याकडे नवा सिलिंडर नाही, म्हणून तो लांब खटका घालून सगळ्यांनाच पुढे रेटील किंवा कानस चालवील. कानशीचा एक हात जास्त पडला की गेलेला धातू परत येत नाही. दोन कप्पे सुधारतील आणि उरलेले चार वर्षभरात बिघडतील.

म्हणून शस्त्र इथे उघडू नये, याबाबत मी धागाकर्त्यांच्या बाजूचा आहे. मात्र नुसते "पुन्हा तपासा" असे लिहून पाठवू नका. नळीच्या मापाची अचूक घासलेली सळई पुढच्या तोंडाकडून आत सोडून ती प्रत्येक कप्प्यात न अडता जाते की नाही हे बघता येते. सहाही कप्प्यांचा असा निकाल वेगवेगळा लिहून मागा. आणि आपण जपून ठेवली असतील, तर ती दोन न उडालेली काडतुसे विक्रेत्याला दाखवून त्यांचा जवळून फोटो पत्राला जोडा. टोपीवरची ती सरकलेली खूण हा आपला सर्वात मोठा पुरावा आहे, त्यापुढे "समाधानकारक" हा शब्द टिकणार नाही.

कायद्याची अभ्यासक

दोन मुद्द्यांची गल्लत होते आहे, ती दूर करते.

पहिला मुद्दा दुरुस्ती कोणी करावी याचा. शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम ५ नुसार बंदूक दुरुस्त करणे हेदेखील परवान्याशिवाय करता येत नाही, आणि २०१९ च्या सुधारणेनंतर त्याच्या उल्लंघनाला किमान सात वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत शिक्षा आहे. म्हणून "ओळखीचा कारागीर" हा पर्याय मनातूनही काढून टाका आणि विक्रेत्याच्या माणसाचा परवाना स्वतः पाहिल्याशिवाय शस्त्र त्याच्या हाती देऊ नका. पोहोचवण्यापुरती मात्र कायद्याने सवलत दिली आहे. कलम ३ च्या परंतुकाप्रमाणे परवानाधारकाच्या समक्ष किंवा त्याच्या लेखी अधिकारपत्रावर दुसरी व्यक्ती दुरुस्तीसाठी शस्त्र नेऊ शकते. ते अधिकारपत्र आपण दिले होते का?

दुसरा मुद्दा महत्त्वाचा आहे, आणि तिथे माझा आपल्याशी सरळ विरोध आहे. आपण दुरुस्तीच का मागत आहात? ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ नुसार दर्जातील कोणतीही उणीव हा दोष ठरतो आणि आयोग दोष काढून देण्याचा, वस्तू बदलून देण्याचा किंवा किंमत परत करण्याचा आदेश देऊ शकतो. चाचणीशिवाय दोष ठरत नसेल, तर वस्तू मान्यताप्राप्त प्रयोगशाळेकडे पाठवण्याची तरतूद कलम ३८ मध्ये आहे. आपल्या कलिन्याच्या न्यायसहायक प्रयोगशाळेत बंदुका तपासण्याचेच काम चालते. कंपनी कुठलीही असो, तक्रार आपण राहता तिथे, म्हणजे मुंबईत दाखल होते. पाच लाखांपर्यंतच्या किमतीला शुल्क नाही आणि मुदत दोन वर्षांची आहे. ज्यांनी एकदा दोष नाकारला त्यांच्या दारात दुसऱ्यांदा जाण्यापेक्षा मी थेट बदली मागितली असती.

गिरगावकर

अधिकारपत्र दिले होते, त्याची प्रत आणि विक्रेत्याची पावती दोन्ही जवळ आहेत.

बदलीबद्दल सांगतो. मोबाईल किंवा मिक्सर बदलून मिळतो तसे हे नाही. माझ्या परवान्यावर या रिव्हॉल्व्हरचा क्रमांक नोंदलेला आहे. बदली म्हणजे वेगळ्या क्रमांकाचे दुसरे शस्त्र, जुन्याची नोंद काढून नव्याची करणे आणि त्यासाठी पुन्हा अर्ज, पुन्हा फेऱ्या. त्यासाठी दुकान किती दिवस बंद ठेवावे लागेल याचा हिशेब मी मांडला आहे. म्हणून माझी पहिली मागणी दुरुस्तीची. ती दुसऱ्यांदाही झाली नाही, तर आपण म्हणता तोच मार्ग धरीन, आणि तेव्हा दोन वेळा दिलेली संधी माझ्याच उपयोगी पडेल.

फिटरकाका, सळईची गोष्ट मला कोणीच सांगितली नव्हती. मनापासून आभार.

दादरहून

कंपनीकडेच पाठवावे या मताला एक बाहेरचे उदाहरण जोडतो. सिग सावर कंपनीच्या पी ३२० या पिस्तुलाबाबत, ते खाली पडल्यावर आपोआप उडू शकते असे दिसून आल्यावर, कंपनीने ऑगस्ट २०१७ मध्ये अमेरिकेतील मालकांना पिस्तुले परत पाठवून बदल करून घेण्याची सोय दिली. चापासह आतले भाग हलके करून दिले गेले. हा दोष रचनेतलाच होता. कोपऱ्यावरच्या कारागिराला तो पिस्तूल उघडून सापडला नसता, कारण त्याच्या दृष्टीने प्रत्येक भाग जागच्या जागी होता. दोष एका नगात आहे की सगळ्या खेपेत, हे फक्त बनवणाऱ्यालाच कळू शकते, आणि तेही शस्त्रे त्याच्याकडे परत गेली तरच. आपले रिव्हॉल्व्हर इथेच गुपचूप नीट झाले, तर त्याच खेपेतले दुसरे रिव्हॉल्व्हर घेतलेल्या माणसाला कोण सावध करणार?

जुना नेमबाज

अमेरिकेचे उदाहरण इथे लागू करू नये. तिथे मालक पिस्तूल दुरुस्तीसाठी थेट कारखान्याला पाठवू शकतो, आणि दुरुस्त झालेले, इतकेच काय, त्याच जातीचे बदली पिस्तूलसुद्धा कारखाना त्याला थेट परत पाठवू शकतो. मधे विक्रेता लागत नाही. आपल्याकडे प्रत्येक पावलाला परवाना, पावती आणि नोंद आहे. ती असायला हवी, याबद्दल माझे दुमत नाही. परंतु वाट इतकी लांब असेल, तर "कंपनीकडेच पाठवा" हा सल्ला सामान्य परवानाधारकाला परवडत नाही. कंपन्यांनी मुंबईसारख्या शहरात परवानाधारक विक्रेत्याकडेच आपला प्रशिक्षित माणूस, मोजमापाची साधने आणि मूळ सुटे भाग ठेवले पाहिजेत. तोवर मी इथल्या कारागिराकडेच जाईन.

कायद्याची अभ्यासक

कंपनीचा अधिकृत दुरुस्तीकार शहरातच असावा, या मागणीला माझा पूर्ण पाठिंबा आहे. मात्र तसा नसताना बाहेर उघडण्यात एक धोका आहे, तो सांगते. उत्पादनातील दोषामुळे इजा झाल्यास भरपाई मागण्याचा हक्क २०१९ च्या कायद्याने दिला आहे, परंतु इजेच्या वेळी वस्तूत फेरफार केलेला असेल, तर कलम ८७ प्रमाणे विक्रेत्याविरुद्ध असा दावा चालत नाही. म्हणजे ज्या विक्रेत्याने "आमचा माणूस करून देईल" असे म्हटले, तोच उद्या त्या फेरफाराकडे बोट दाखवू शकतो.

गिरगावकर

हे वाचल्यावर माझा नकार पक्का झाला. काल दुसरे पत्र रजिस्टर्ड पोस्टाने पाठवले. त्यात सहाही कप्प्यांचा सळईचा निकाल वेगवेगळा द्यावा, बदललेल्या भागांची यादी द्यावी, प्रत्येक कप्प्यातून किती गोळ्या झाडून पाहिल्या ते लिहावे आणि कारखान्यात गेलेले दिवस वॉरंटीत वाढवून मिळावेत, एवढे मागितले आहे. टोपीवरच्या खुणांचे फोटो जोडले आहेत. रिव्हॉल्व्हर सोमवारी विक्रेत्याच्या ताब्यात देईन, पावतीवर क्रमांक स्वतः तपासून घेईन.

जुना नेमबाज

पत्र उत्तम आहे, यात शंका नाही. पण माझ्या पहिल्या प्रश्नाला आपण अजून उत्तर दिलेले नाही. पुढचे दोन-तीन महिने माल घेऊन कसे येणार?

गिरगावकर

दिवसाउजेडी, मुलाला आणि एका कामगाराला बरोबर घेऊन, टॅक्सीने, आणि रोज वेगळ्या वेळी. मोठी ऑर्डर सध्या घेत नाही. नुकसान होते आहे, ते मान्य. पण सहापैकी कोणते दोन कप्पे ऐन वेळी दगा देतील हे ठाऊक असलेले रिव्हॉल्व्हर कमरेला लावून, त्याच्या भरवशावर रात्री एकट्याने निघणे मला त्याहून महाग पडेल.