भाड्याचं घर, दोन कॉलमच्या मधे मांडणी बसवायची आहे, भिंतीला एकही खिळा न मारता

जळगावकर_भाडेकरू
नमस्कार मंडळी. जळगावला भाड्याने राहतो, पहिला मजला, खाली घरमालकीण काकू. राहायला आलो त्याच दिवशी काकूंनी सांगितलं होतं की बाकी काय पण करा पण भिंतीला ड्रिल लावायचं नाही, आणि ते करारात पण लिहून घेतलंय. आता हॉलमधे दोन आरसीसी कॉलम भिंतीच्या पुढे आलेत आणि त्यांच्या मधे मस्त गाळा आहे, साधारण पाच फूट रुंद आणि अकरा इंच खोल, मागे चार इंची भिंत. तिथे मांडणी पाहिजे. पुस्तकं आहेत (एमपीएससीची, म्हणजे वजनदार), आणि आई दर उन्हाळ्यात गावाहून बिबडे-कुरडयांचे डबे पाठवते ते.

एक प्रयोग करून झालाय तो सांगतो म्हणजे कोणी परत तेच सुचवणार नाही. पडद्याचे स्प्रिंगवाले दोन रॉड आणले, एक मागे एक पुढे असे कॉलमच्या मधे ताणून बसवले आणि वर प्लायची फळी ठेवली. तीन दिवस राहिलं. चौथ्या रात्री दीड वाजता आधी एक टोक सुटलं आणि मग सगळंच, त्यात लोणच्याची बरणी. काकू टॉर्च घेऊन वर. मी फरशीवरचं तेल पुसतोय आणि त्या भिंत बघतायत. कॉलमवर रबराचा काळा गोल ठसा आणि शेजारी नखाएवढा डिस्टेंपर निघालेला.

तर जास्त ताकदीचा, स्क्रूने आवळायचा रॉड आणू का? की दुसरं काही?

शहादा_एक्सप्रेस
रॉडला उगाच नाव ठेवू नका, माझ्याकडे बाथरूममधे तीन वर्षं झाली, हललेला नाही.

जळगावकर_भाडेकरू
त्यावर काय ठेवलंय?

शहादा_एक्सप्रेस
शॅम्पूच्या दोन बाटल्या 😅

सिव्हिल_डिप्लोमा
भाऊ आधी हिशेब बघ. फुटाला आठ किलो पुस्तकं धर, पाच फुटात ४० झाली, डबे आणि फळी धरून ६०. रॉडच्या खाली टेकू काहीच नाही, म्हणजे ते साठ किलो दोन्ही बाजूंच्या घर्षणावर लटकलेलं. डिस्टेंपरवर रबराची पकड, त्यात धूळ, मी ०.४ च्या वर धरणार नाही. एका बाजूला ३० किलो, भागिले ०.४, म्हणजे दोन्ही रॉडनी मिळून कॉलमला ७५ किलोने ढकलत राहिलं पाहिजे आणि हे सुद्धा अगदी काठावरचं, कोणी फळीला धक्का दिला की गेलं. स्प्रिंगमधे एवढा दम नसतो.

स्क्रूवाला लावला तर ७५ काय दीडशेचा दाब पण येईल आणि कॉलम त्याला जुमानणार पण नाही. पण कॉलमवर प्लास्टर, त्यावर पुट्टी, त्यावर डिस्टेंपर. तुझा रॉड धरून बसणार तो शेवटच्या पापुद्र्याला. आणि हे कॉलम आहेत म्हणून ठीक, कोणी चार इंची विटांच्या पडदीवर असला आडवा दाब देऊ नका, भिंतीला तडे जातील आणि काकू तुम्हाला सोडणार नाहीत.

अजून एक, पाच फुटाची १८ एमएमची फळी मधे टेकू न देता ठेवलीस तर पुस्तकांनी ती मधोमध पाऊण इंचाच्या आसपास लवेल, आणि वर्षभरात अजून. बरोबर मधे एक उभा टेकू दे, तोच लवणं सोळा पटीने कमी होतं. लांबी निम्मी केली की लवणं निम्मं होत नाही, चौथ्या घाताने उतरतं, फुटामागे वजन तेवढंच असेल तर.

सेंट्रिंग_धुळे
वरच्या भाऊने बरोबर सांगितलं, मी फक्त साइटवरचं सांगतो. आम्ही स्लॅब टाकतो तेव्हा पाच इंची स्लॅबचा एक चौरस फूट म्हणजे ३० किलोच्या आसपास माल झाला, वर माणसं चालतात, व्हायब्रेटर फिरतो ते वेगळं. हे सगळं बल्लीवर, म्हणजे लाकडाच्या उभ्या टेकूवर, उभं असतं आणि बल्लीच्या बुडाशी काय असतं तर लाकडाच्या दोन पाचरी, आमनेसामने ठोकलेल्या. खिळा असला तर नुसता जागेवर राहायला. का पेलतं तर वजन सरळ खाली जातंय. केळीच्या घडाला बांबूचा टेकू देतात ते पण तेच, कोणी घड शेजारच्या झाडाला चिकटवून ठेवत नाही.

तू वजन भिंतीला देऊ पाहतोयस हीच गडबड आहे. वजन फरशीला दे, फरशी काही म्हणणार नाही. भिंतीकडे एवढंच काम ठेव की मांडणी डावी-उजवीकडे झुलू नये आणि पुढे तोंडावर येऊ नये. तेवढ्याला पाचर पुरते.

गुण्या_रंधा
चोपड्याचा आहे, वडील सुतार, मी पण तेच करतो. "साधारण पाच फूट" हे माप नाही. फळी कापून आणशील पाच फुटाची आणि ती जाणारच नाही, मग म्हणशील प्लाय कापणाऱ्याने चूक केली. आमचे अण्णा अहिराणीत म्हणायचे, फळी वाकडी नही शे भाऊ, भिंत वाकडी शे.

टेपने आतलं माप नीट येत नाही कारण टेप कोपऱ्यात दुमडतो आणि तिथे सूतभर (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) कमीजास्त होतंच. दोन सरळ पट्ट्या घे, तीन-तीन फुटाच्या चालतील, एकमेकीवर धर आणि दोन्ही बाजूला सरकव, एकीचं टोक या कॉलमला दुसरीचं त्या कॉलमला लागलं की जिथे त्या एकमेकींवर आल्यात तिथे पेन्सिलची रेघ मार. मग खाली उतरून टेबलावर आरामात मोज. असं खाली, मधे, वर, आणि प्रत्येक ठिकाणी पुढच्या कडेला आणि मागे भिंतीशी, सहा मापं. शिवाय एक दोरा आणि नट घेऊन ओळंबा सोड म्हणजे कॉलम कुठे पोट काढून बसलाय ते कळेल. मापं इथे टाक.

जळगावकर_भाडेकरू
दादा तुमच्या पट्ट्यांची युक्ती भारी निघाली. मापं अशी, खाली ५९ इंच, मधे ५८ इंच ६ सूत, वर ५९ इंच २ सूत. मागे आणि पुढे फार फरक नाही, एखाद सूत. म्हणजे पाच फूट कुठेच नाही! उंची साडेनऊ फूट पण मला सहा फूटच पाहिजे, त्याच्या वर हात पोचत नाही.

गुण्या_रंधा
मग कामाचं माप तुझं ५८ इंच ६ सूत, सगळ्यात अरुंद जे असेल ते. आता पाच फुटाची एकच मांडणी करू नको, दोन खोकी कर शेजारी शेजारी उभी राहणारी. ती जिन्यातून वर जातील, उद्या घर बदललं तर सुटी होऊन टेम्पोत जातील, आणि मधल्या दोन उभ्या फळ्या लागून उभ्या राहिल्या की तो सिव्हिलवाला म्हणतोय तो मधला टेकू आपोआप झाला.

१८ एमएमच्या दोन शीट घे, आठ बाय चार. प्रत्येक शीटच्या लांबीत अकरा इंची चार पट्ट्या काढ, ४४ इंच झाले, करवतीची जाडी सोडून तीन-साडेतीन इंचाची चिंधी उरेल ती फेकू नको. एका शीटमधून सहा फुटी चार उभ्या, दुसरीमधून साडेसत्तावीस इंची बारा आडव्या. एका खोक्याला सहा, तळाची आणि वरची धरून. खोकं बाहेरून एकोणतीस इंचाला थोडं कमी भरेल, दोन मिळून सत्तावन्न इंच सहा सुताच्या आसपास. अरुंद जागी सुद्धा एक इंच मोकळं राहील, ते पाचरीसाठी.

उरलेल्या चिंधीतून दोन इंची पट्ट्या काढून जिथे पुस्तकं ठेवणार त्या फळ्यांच्या पुढच्या कडेला उभ्या लाव, फेविकॉल आणि स्क्रूने. लोकांना खोटं वाटतं पण दोन इंच उभी पट्टी ही अकरा इंची आडव्या फळीपेक्षा जास्त ताठ असते. सांधे स्क्रूने कर, फेविकॉल फक्त पट्ट्यांना, म्हणजे खोकी सोडता येतील. पार्टिकल बोर्ड घेऊ नको, स्क्रू दोनदा काढला-घातला की भोक मोठं होतं. आतल्या खोलीत प्लायचा नेहमीचा एमआर ग्रेड चालतो, पण ओल येत असेल तर बीडब्ल्यूआर, तो पाण्याला जास्त टिकतो.

अमळनेरची_सून
हे वाचून आमचं आजेसासऱ्यांचं धाब्याचं घर आठवलं, दीड-दोन हात जाड मातीची भिंत, त्यातच कोनाडे आणि फडताळ, भिंतीला खिळा मारायचा प्रश्नच कोणाला पडला नाही 🙂

मी असंच केलंय दोन वर्षांपूर्वी म्हणून तीन गोष्टी सांगते ज्या मला कोणी सांगितल्या नव्हत्या. फरशीला लागून भिंतीच्या तळाला टाइल्सचं स्कर्टिंग असतं ना चार इंच उंचीचं, ते पाव-अर्धा इंच पुढे आलेलं असतं. त्याला खोकं टेकतं आणि वरच्या बाजूला मागे फट राहते, मग मांडणी मागे-पुढे डुलते. उभ्या फळीच्या मागच्या खालच्या कोपऱ्यात तेवढा चौकोन कापून घ्या, माप स्कर्टिंगपेक्षा दोन सूत जास्त.

दुसरं, आमच्याकडे एकाने सांगितलं की वरून बोल्ट फिरवून छताला आवळा. छत होतं पीओपीचं फॉल्स सीलिंग. कडकन तडा, माझ्याच हाताने. तिसरं, पाचरीच्या टोकाला सायकलच्या ट्यूबचा तुकडा लावला तर भिंतीवर काळा डाग पडतो, तुमच्या रॉडचा पडला तसाच. जुन्या सतरंजीचा तुकडा किंवा पुठ्ठा लावा. घरात लहान मूल असेल तर मात्र पाचरीच्या भरवशावर राहू नका, ते फळीवर पाय देऊन चढतं, तिथे घरमालकाशी बोलून दोन स्क्रू मारूनच घ्यावे.

सिव्हिल_डिप्लोमा
ताई पीओपीचं बरोबर, पण वर सरळ स्लॅब किंवा बीम असेल तर बोल्टमधे काही वाईट नाही. एम-१० चा बोल्ट एका फेऱ्याला दीड मिलिमीटर सरकतो, हाताने टेकवला आणि वर अर्धा फेरा दिला की झालं, पाना घेऊन झटायचं नाही.

गुण्या_रंधा
सहा फुटाच्या मांडणीला साडेनऊ फुटावरच्या छताला कुठे आवळणार आहात साहेब, वरून साडेतीन फुटाचा दांडा उभा करणार का. पाचर बस आहे. आणि पुढच्या पायाखाली पुठ्ठ्याची एक पातळ घडी सरकव म्हणजे मांडणी अंगाने भिंतीकडे झुकून राहील. जड ते खाली, बिबडे वर.

सेंट्रिंग_धुळे
पाचर बाभळीची कर, आठ इंचाला एक इंच उतार. जास्त उभी केलीस तर आपोआप निसटते. एका ठिकाणी दोन लागतात, उलटसुलट, म्हणजे भिंतीकडची बाजू आणि खोक्याकडची बाजू समांतर राहते. मोठ्या हातोडीने मारू नको, बत्त्याने दोन टिचक्या.

जळगावकर_भाडेकरू
अडीच महिन्यांनी आलो, आधी सगळ्यांना धन्यवाद. मांडणी उभी आहे. प्लायवाल्यानेच दुकानात पट्ट्या कापून दिल्या, मी आणि मित्राने एका रविवारी जोडली. स्कर्टिंगचा चौकोन पहिल्या फळीला विसरलो आणि जोडलेलं खोकं परत सोडावं लागलं, ताई तुमची आठवण काढली. पाचरी चार ठिकाणी आहेत, दोन वरच्या कोपऱ्यांत, दोन मधे. मधल्या बारीक कारण कॉलमचं पोट तिथेच.

एक गंमत. मार्चमधे हलवून बघितली होती, दगडासारखी. आता मे लागला, दुपारी ४४-४५ अंश चाललंय आणि कूलर अजून दुरुस्तीला दिलेला, तर परवा वरची डावी पाचर चक्क हाताने निघाली. भिंत सरकली की काय म्हणून घाबरलो.

गुण्या_रंधा
भिंत कुठे जाते. लाकूड लांबीत फारसं आकसत नाही, रुंदी-जाडीत आकसतं, आणि पाचर तू जाडीतच दाबलीस. बाभूळ ओली मिळाली असेल तुला. आता वाळली ना, एक टिचकी मार आणि सोडून दे. पावसाळ्यात मात्र ठोकू नको, तेव्हा ती स्वतःच फुगेल, वरून ठोकलीस तर प्लास्टरवर येईल. जुलैत एकदा उलटी सैल करून बघ.

जळगावकर_भाडेकरू
ओके दादा. काकू काल वर आल्या होत्या पाण्याचं बिल घ्यायला, दहा मिनिटं मांडणीच्या मागे टॉर्च मारून बघत होत्या खिळा कुठे आहे ते. सापडला नाही. मग मला विचारतात, हे आमच्या देवघराशेजारी पण होईल का.

बरं, उभ्या फळ्या कापल्यावर दोन फूट बाय अकरा इंचाचे चार तुकडे उरलेत, त्यांचं काय करू?

अमळनेरची_सून
पाट करा, खाली दोन दोन पट्ट्या मारून. श्रावणात कानबाईच्या सणाला बसायला किती पण पाट असले तरी कमीच पडतात. त्यातले दोन काकूंना द्या.