फ्लॅट मालकाचा, पण फोटो कोणाचा?

मालकाने तीन एजंटांना फ्लॅट विकायला दिला असेल तर एकाचे फोटो दुसऱ्याने वापरल्याने काय बिघडलं, असं आम्हा एजंटांमध्ये एकाने विचारलंय. बिघडतं. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात फोटो काढणारा हाच त्याचा कर्ता मानलाय. पैसे देऊन काढून घेतला असेल आणि वेगळा करार नसेल, तर हक्क पैसे देणाऱ्याचा. फ्लॅट कोणाच्या नावावर आहे याचा संबंधच नाही. मालकाने चावी दिली, माझे फोटो नाही दिले.

कोथरूडच्या एका टू बीएचकेसाठी मी अर्धा दिवस घालवला होता. सामान हलवलं, फरशी पुसून घेतली, हॉलमध्ये ऊन यायची वाट पाहिली. चार दिवसांत तेच फोटो, कोपऱ्यातलं माझं नाव कापून, दुसऱ्याच्या जाहिरातीत! तेही भलत्याच सोसायटीतल्या फ्लॅटसाठी. ते बघून एक आजी हडपसरहून दोन बस बदलून आल्या आणि त्यांना अंधारं घर दाखवलं गेलं. पुढे त्या माझ्याकडे आल्या तेव्हा हे कळलं. माझ्या मेहनतीपेक्षा त्यांची पायपीट मला जास्त लागली.

रेरा, म्हणजे घरांच्या प्रकल्पांवर आणि एजंटांवर नियंत्रण ठेवणारा कायदा, त्याच्या कलम १० मध्ये एजंटाने खोटं चित्र उभं करण्याला मनाई आहे. तो कायदा नोंदणीकृत प्रकल्पांसाठी आहे हे मान्य, पण रीसेलच्या, म्हणजे आधीच्या मालकाकडून घर घेणाऱ्या गिऱ्हाईकाला फसवलेलं कसं चालेल?

फोटो हवे असतील तर फोन करा, मी बहुतेकदा देतो. आणि स्वतःच्या मूळ फाइल्स तारखेसकट जपून ठेवा. जाहिरात ज्या पोर्टलवर आहे त्याच्याकडे तक्रार करताना त्याच कामाला येतात.