विषय: फेझ, मोरोक्को – रियाद (अंगणाच्या जुन्या घरातलं हॉटेल) जुन्या गावात घ्यावा की नको? (उत्तर आजच हवंय)

प्रेषक: अ. जो., रेडिंग

नमस्कार मंडळी,
रियादवाल्याने खोल्या उद्या दुपारपर्यंतच धरून ठेवल्या आहेत, म्हणून घाई. ऑक्टोबरच्या सुट्टीत आम्ही पाच जण, तीन रात्री फेझ, मग आगगाडीने कासाब्लांका. सासू-सासऱ्यांचा ई-व्हिसा आला (गणपतीत बसून अर्ज भरून दिलात, मनापासून आभार!). आता प्रश्न बाबांच्या गुडघ्याचा. सपाटीवर अर्धा तास आरामात चालतात, उतार लागला की गुडघा धरतो. रियाद तालआ कबीरापासून, म्हणजे जुन्या गावातल्या मुख्य गल्लीपासून, आत सात मिनिटांवर आहे. अंगणातलं कारंजं आणि संत्र्याची झाडं पाहून आई हरखून गेल्या आहेत. घ्यावा का?

प्रेषक: प. कु., हॅरो

वहिनी, डोळे मिटून घ्या! फेझला जायचं आणि नव्या शहरातल्या लिफ्टच्या हॉटेलात राहायचं, याला काय अर्थ? सकाळी पोरं घरचं मळलेलं पीठ फळीवर घेऊन गल्लीतल्या भट्टीवर पाव भाजायला नेतात, ते बघायला तिथेच झोपायला हवं. मी नाशिकच्या सराफ बाजारामागच्या बोळांत वाढलो, मला तर घरी आल्यासारखं वाटलं. बॅगांची काळजी नको, वेशीवर हातगाडीवाले असतात. पैसे मात्र आधी ठरवा.

प्रेषक: डॉ. म. दे., स्लाऊ

प. कु., बॅगा हातगाडीवर जातील, बाबा कसे जाणार?

फेझ अल-बालीत, म्हणजे जुन्या गावात, मोटार शिरत नाही. रुग्णवाहिकाही नाही. मागच्या वर्षी मी आईला घेऊन गेले होते. रियादवाल्याची सात मिनिटं ही त्याच्या पायांची सात मिनिटं होती, आम्हाला वीस लागली. खोली दुसऱ्या मजल्यावर, पायऱ्या फूटभर उंच, कठडा नाही. दुसऱ्या दिवशी मागून "बलाक, बलाक!" (बाजूला व्हा!) अशी हाक आली आणि लादलेलं खेचर आलं, आई भिंतीला चिकटायला गेली आणि ओल्या दगडावर पाय मुरगळला. गल्लीतल्या दोन मुलांनी तिला खुर्चीत बसवून वेशीपर्यंत उचलून नेलं. पैसे घेईनात. त्या मुलांची आठवण आई आजही काढते, पण पुढचे दोन दिवस तिने पाय वर करून काढले.

रियाद हवाच असेल तर बाथा चौकाजवळचा घ्या. तिथवर गाडी येते. खोली आणि संडास दोन्ही तळमजल्यावर, हे लेखी मागा. फ्रेंचमध्ये "रे-द-शोसे" म्हणा.

प्रेषक: र. पा., वॉटफर्ड

विमा उतरवताना गुडघ्याचं दुखणं आधी सांगा. लपवलं तर पुढे त्रास होतो. डॉक्टर, आईचा पाय आता कसा आहे?

प्रेषक: सहल समिती

फेझची मंडळाची सहल समितीने 2018 मध्ये नेली होती आणि टिपणं समितीकडे आहेत. आधी समितीला विचारलं असतं तर एवढी पत्रं झालीच नसती. असो. त्या वेळी ज्येष्ठांसाठी काढलेला मार्ग असा: गाव वरून खाली उतरतं. टॅक्सीने वरच्या टोकाच्या वेशीशी, बाब बुजलूदला, उतरा, बू इनानिया मदरसा पाहा, तालआ कबीराने रमतगमत खाली या आणि खालच्या टोकाच्या रसीफ चौकातून टॅक्सीने परत. एकही चढ नाही. 34 माणसं नेली, कोणाचीही तक्रार आली नाही.

प्रेषक: डॉ. म. दे., स्लाऊ

समितीच्या कामाबद्दल आदर आहे, पण अ. जो. यांचं पहिलं पत्र पुन्हा वाचा. बाबांना त्रास उताराचा आहे! झिजलेल्या गुडघ्यावर चढताना येतो त्याहून जास्त भार उतरताना येतो. तालआ कबीरा म्हणजे दीडेक किलोमीटरचा दगडी उतार.

त्याऐवजी दोन फेऱ्या करा. एका सकाळी बुजलूदला टॅक्सीने जाऊन बू इनानिया बघायचं आणि तिथूनच परत. दुसऱ्या दिवशी टॅक्सीने थेट रसीफ. तिथून सफ्फारीन चौक अगदी जवळ आहे. तांब्याच्या हंड्यांवर ठोके पडत असतात, पुण्याच्या तांबट आळीची आठवण येते, बाबांना तिथून हलवावंसं वाटणार नाही. पुढेच करावीन. ती मशीद 859 सालची मानतात, फातिमा अल-फिह्री या बाईंनी उभारलेली. आपल्याला आत जाता येत नाही, पण दारातून अंगण दिसतं. शेजारचा अत्तारीन मदरसा मात्र तिकीट काढून बघता येतो. चामडं कमावायचे हौद वरच्या गच्चीतूनच दिसतात, तिथे बाबांना नेऊ नका.

प्रेषक: प. कु., हॅरो

उताराचं माझ्या लक्षातच आलं नव्हतं. डॉक्टर म्हणतात ते बरोबर आहे. पण वहिनी, तुम्ही पाच जण! तांबडी छोटी टॅक्सी तिघांनाच घेते, चौथ्याला हात जोडले तरी नाही. म्हणजे दर वेळी दोन टॅक्स्या. आई-बाबांना एकटं पाठवू नका, दोन्हींत फ्रेंच येणारं एकेक माणूस बसवा. "कोंतर" म्हणजे मीटर, तो सुरू करायला सांगा. रात्री आठनंतर दीडपट भाडं लागतं, ती फसवणूक नाही. आणि "पुढे रस्ता बंद आहे" म्हणत कोणी वाट दाखवायला आलं तर मान हलवून चालत राहा. वाटाड्या रियादमार्फत घ्या, बिल्लेवालाच.

प्रेषक: ख. (खजिनदार)

दिरहम इथे शोधत बसू नका, तिथल्या एटीएममधून काढा. माणशी 2000 पेक्षा जास्त देशाबाहेर आणता येत नाहीत, तेव्हा शेवटच्या दिवशी उरतील इतके काढू नका. सुटे जपा. आणि ज्यांचे कोजागिरीचे पैसे राहिलेत त्यांनी कृपया पाठवावेत.

प्रेषक: र. पा., वॉटफर्ड

आई शाकाहारी आहेत ना? हरीरा हे सूप मागवू नका, त्यात बहुतेक मांस असतं. ताजीन (मातीच्या भांड्यात शिजवलेलं कालवण) भाज्यांचं म्हटलं तरी रस्सा मांसाचा असू शकतो. "ब्ला ल्हम", मांसाशिवाय, असं मागवतानाच सांगा. सकाळी बिसारा मिळतो, बाकल्याच्या डाळीची घट्ट आमटी, वर जिरेपूड आणि ऑलिव्हचं तेल. झालूक म्हणजे वांग्याचं भरीतच. मसमन तर आपल्या घडीच्या पोळीची बहीण. भात मात्र सहसा मिळत नाही, आईंना सांगून ठेवा.

प्रेषक: अ. जो., रेडिंग

सगळ्यांचे आभार. तो रियाद सोडला. बाथाजवळचा मिळाला, तळमजल्याची खोली, लेखी कळवलंय. कारंजं लहान आहे पण आहे! समितीची टिपणं मला हवीच आहेत, शनिवारी तालमीला आणाल का? आणि बाबांना मध्येमध्ये टेकायला घडीचं स्टूल कोणाकडे आहे का?

प्रेषक: डॉ. म. दे., स्लाऊ

माझ्याकडे आहे, काठी उघडली की तिचंच स्टूल होतं. आईसाठी घेतलं होतं. शनिवारी आणते.