मदत हवी आहे: माइनक्राफ्टमध्ये शेकोटी पेटलेली असूनही मधमाश्या अंगावर येतात

राम राम मंडळी. मी यावल तालुक्यातला. दिवाळीच्या सुट्टीत पुतण्याबरोबर माइनक्राफ्ट या ठोकळ्यांनी बांधायच्या गेममध्ये (कॉम्प्युटरवरची जावा एडिशन) आमचा मळा उभा करतोय. विहीर झाली, गोठा झाला. केळी गेममध्ये नाहीत, म्हणून ऊस लावला. भरिताची वांगीही नाहीत, तेव्हा बटाट्यांवर भागवतोय.

शेकोटी म्हणजे कॅम्पफायर जमली. खाली तीन ओंडके, मधोमध कोळसा, त्याच्या वर आणि दोन बाजूंना काड्या. चार बटाटे एकदम भाजायला ठेवता येतात, ३० सेकंदांत भाजून टुणकन बाहेर पडतात आणि वेगळं जळण लागत नाही. भट्टीत एक बटाटा १० सेकंदांत होतो, पण त्यात कोळसा टाकत राहावा लागतो. पुतण्या तर शेकोटीपासून हलतच नाही. कापसाच्या काड्यांवर वांगी भाजताना साल तडकून रस चुर्र करतो, तसा आवाज मात्र नाही.

अडचण मधाची आहे. शेतात मोहोळ काढताना आधी धूर करतात, हे लहानपणापासून पाहिलंय. गेममध्येही तसंच असतं म्हणून मधमाश्यांच्या पेटीखाली शेकोटी ठेवली. माश्या आगीत पडू नयेत म्हणून पेटीच्या बुडाला दगडी स्लॅब लावला. त्याच्याखाली दोन ब्लॉक (ठोकळे) मोकळे, मग शेकोटी. पेटीतून मध गळायला लागला तसं कात्रीने पोळं काढलं, तीन तुकडे मिळाले, आणि सगळ्या माश्या अंगावर! डंख मारल्यावर त्याही थोड्या वेळात मरतात. पाच गेल्या. पुतण्या रडायला आला होता. एवढ्या मायेने पाळलेल्या, म्हणून विचारतोय. चुकतंय कुठे?

दुसरं, लांबून घर दिसावं म्हणून शेकोटीशेजारी गवताचा गठ्ठा ठेवला, पण धूर उंच जात नाही.

प्रतिसाद:
भाऊ, धूर स्लॅबला अडतोय. स्लॅब काढा आणि शेकोटीवर थेट गालिचा टाका. त्यातून धूर जातो, माश्याही भाजत नाहीत. शेकोटी पेटीच्या बरोबर खाली, पाच ब्लॉकच्या आत हवी. गठ्ठा शेजारी नाही, शेकोटीच्या खाली ठेवायचा. मग धूर १० ऐवजी २४ ब्लॉक चढतो. आणि शेकोटीवर बादलीने पाणी ओतू नका, विझेल. पावसाने विझत नाही. विझलीच तर पाणी काढून चकमकीने परत पेटवा.

धागाकर्ता:
दादा, खूप आभार! स्लॅब काढला, लाल गालिचा टाकला. आत्ताच पोळं काढलं, एकही माशी चिडली नाही. गठ्ठाही खाली घातला, नदीपलीकडून धूर दिसतोय. पुतण्या आता उरलेल्या दोन माश्यांना फुलं खाऊ घालतोय, पिल्लं व्हावीत म्हणून.