शहीद, हुतात्मा... आणि परत आलेला?

चौथीतल्या लेकीने वहीत लिहिलं होतं, 'आज आमच्या वर्गात एक शहीद सैनिक आले होते. त्यांनी आम्हाला पदकं दाखवली.' आधी हसू आलं. मग 'शहीद' खोडून वर 'माजी' लिहिलं, तर ती म्हणे, "माजी म्हणजे आता नाहीत ना?" लढून परत आलेल्या माणसासाठी मराठीत मानाचा शब्द आहे का?

*

तुमच्या लेकीची चूक स्वाभाविक आहे. मुलांच्या कानावर सैनिकाबद्दल जे मोठे शब्द पडतात ते सगळे मरणाचेच. 'शहीद' अरबीतून आला, मूळ अर्थ साक्ष देणारा. शहादत म्हणजे साक्ष. 'हुतात्मा' सावरकरांनी रूढ केला. त्यातला 'हुत' म्हणजे अग्नीत अर्पण केलेलं. हवन, आहुती हे त्याच धातूचे. म्हणजे दोन्ही शब्दांत रणांगण नाहीच! मुंबईतला हुतात्मा चौक तर संयुक्त महाराष्ट्राच्या आंदोलनात गोळीबारात गेलेल्यांचा. सरकारी कागदातही 'शहीद' बसत नाही. संरक्षण खात्याने २०१७ मध्ये केंद्रीय माहिती आयोगापुढे सांगितलं होतं की ते 'बॅटल कॅज्युअल्टी' म्हणतात.

*

अस्सल रणांगणातला शब्द हवा तर 'धारातीर्थी पडणे'. धारा म्हणजे तलवारीची धार, आणि तेच तीर्थ. जुन्या पत्रांत आणि बखरींत याहून साधं असतं : अमुक 'कामास आले'. मला हेच आवडतं, उगाच आवाज चढवत नाही. पण पुन्हा तेच, दोन्ही मेलेल्यांसाठी. वीरगळ, म्हणजे लढाईत पडलेल्या वीराच्या आठवणीचा कोरीव दगड, तोही तसाच (कानडी 'कल्लु' म्हणजे दगड, त्यावरून आलेला शब्द). मुलांना एकदा तो खालून वर वाचायला लावा. तळाच्या चौकटीत लढाई आणि मरण, मधे त्याला वर नेणाऱ्या अप्सरा, सगळ्यात वर तो शिवलिंगापुढे हात जोडून बसलेला. अक्षरओळख नसलेल्यालाही कळेल अशी गोष्ट. जो धडधाकट घरी आला, त्याचा दगड कोण उभारणार?

*

जरा विषयांतर. मुलांना सांगताना 'बलिदान' जपून वापरावा. 'अपघातात तिघांचा बळी' हे ती रोज ऐकतात, आणि बळी दुसरा कोणीतरी देतो. स्वतःहून केलं तर ते आत्मबलिदान. त्यापेक्षा 'त्याग' बरा, तो जिवंत माणूसही करतो. दिल्लीचं राष्ट्रीय युद्ध स्मारक २५ फेब्रुवारी २०१९ ला खुलं झालं. तिथे २५ हजारांहून जास्त नावं कोरलेल्या भिंतींच्या वर्तुळाला 'त्याग चक्र' म्हटलंय.

*

'वीर'चीही तीच गत. वीरमाता, वीरपत्नी म्हटलं की समजायचं, घरातला माणूस गेला. त्याच तुकडीतून परत आलेल्याच्या आईला कोणी वीरमाता म्हणत नाही.

*

अहो, शब्द आहे की! कोशात नसेल, पण पारावर आहे : 'मेजर'. पेन्शनवर आलेला माणूस नाईक असो नाहीतर सुभेदार, गाव त्याला 'काय मेजर, कधी आलात?' असंच विचारतं. हुद्द्याच्या हिशेबाने चूक, पण 'माजी' लावायची कुणाची टाप नाही. 'माजी सैनिक' हा अर्जावरचा शब्द. समोरच्या माणसाला 'अहो माजी सैनिक' अशी हाक मारून बघा.

*

मूळ प्रश्न माझाच होता. लेकीला 'मेजर' सांगितलं. तिने दुसऱ्या दिवशी बाईंकडून खात्री करून घेतली : पाहुणे हवालदार म्हणून निवृत्त झालेत. आता वाक्य असं आहे : 'आमच्या वर्गात हवालदार मेजर आजोबा आले होते. ते युद्धाला जाऊन परत आले.' हवालदार मेजर हा वेगळाच हुद्दा असतो हे मला ठाऊक आहे. पण या वेळी लाल पेन उचललं नाही.