रिकवूड फील्डमध्ये १९१० सालचं नेमकं काय उरलंय?

मैदानवेडा:
अलाबामातल्या बर्मिंगहॅमचं रिकवूड फील्ड हे अमेरिकेतलं सर्वांत जुनं व्यावसायिक बेसबॉल मैदान, असं सगळीकडे लिहितात. मग बॉस्टनच्या फेनवे पार्कचं काय? आणि शहराच्या मालकीची एवढी जुनी वास्तू पाडली कशी नाही?

जुनीवीट:
फेनवे १९१२ चं, रिकवूड १८ ऑगस्ट १९१० चं. फेनवेचा मान मेजर लीगपुरता, म्हणजे बेसबॉलच्या सर्वोच्च स्पर्धेपुरता. रिकवूडवर खेळणारा संघ बर्मिंगहॅम बॅरन्स. त्यांचं आधीचं लाकडी मैदान 'स्लॅग पाइल' म्हणून ओळखलं जाई, कारण शेजारीच धातुमळीचा ढीग होता आणि त्यावर बसून लोक फुकटात सामने बघत. लाकडी स्टँडना आगीची भीती कायमची. संघमालक रिक वुडवर्ड लोखंडाच्या धंद्यातलेच. त्यांनी पिट्सबर्गचं फोर्ब्स फील्ड नजरेसमोर ठेवून पोलाद आणि काँक्रीट वापरलं. फिलाडेल्फिया संघाचे नामांकित व्यवस्थापक कॉनी मॅक यांचा सल्लाही घेतला.

पण सगळंच १९१० चं समजू नका. स्पॅनिश मिशन शैलीचं प्रवेशद्वार आणि आउटफील्डमागची काँक्रीटची भिंत १९२८ ची, दिव्यांचे मनोरे १९३६ चे. धावफलक आणि कुंपणावरच्या जुन्या वळणाच्या जाहिराती तर प्रतिकृतीच. फोटो बघून फसतात ते इथेच.

तिसराबेस:
पाडलं नाही, कारण १९८७ च्या हंगामानंतर बॅरन्स जवळच्या हूव्हर उपनगरात गेले. संघ इथेच राहता तर नव्या सोयींसाठी तोडफोड अटळ होती, असं माझं मत. १९९२ पासून 'फ्रेंड्स ऑफ रिकवूड' या संस्थेने देखभालीचा भार उचलला.

आणि ब्लॅक बॅरन्स या कृष्णवर्णीय खेळाडूंच्या संघाशिवाय हा इतिहास अर्धाच. १९४८ मध्ये पुढे महान खेळाडू ठरलेला कोवळा विली मेझ त्यांच्याकडून इथे खेळला. निग्रो लीगची, म्हणजे कृष्णवर्णीयांच्या वेगळ्या लीगची, शेवटची वर्ल्ड सिरीज (अंतिम मालिका) त्याच वर्षीची, होमस्टेड ग्रेजविरुद्ध. बॅरन्सच्या सामन्यांना मात्र कृष्णवर्णीय प्रेक्षकांना वेगळं बसवत. शहराच्या कायद्याने गोऱ्या-काळ्यांना एकत्र खेळायलाही बंदी होती. १९६१ नंतर बॅरन्स बंद पडले आणि १९६४ मध्ये परतले ते मिश्र संघ म्हणून.

जुनीवीट:
एक भर. २० जून २०२४ ला इथे मेजर लीगचा सामना झाला, कार्डिनल्सनी जायंट्सना ६-५ ने हरवलं. मेझ दोनच दिवस आधी वारले होते. त्या सामन्यासाठी हिरवळ नव्याने अंथरली, डगआउट (खेळाडूंची बसायची जागा) बदलले, कुंपणाला गाद्या लावल्या. त्यामुळे २०२४ च्या चित्रफिती बघून मैदानाचं वय ठरवू नका. ग्रँडस्टँडचे खांब आणि छत बघा.